दत्तजयंती ते माघी पौर्णिमा

भुरी कुत्री व्याली तो दिवस दत्तजयंतीचा. १४ डिसेंबर २०२४. संध्याकाळी देवळात पाळणा झाला, सुंठवड्याची पुडी घेऊन आई आणि मी ग्वाल्हेरच्या जनकगंजातल्या आमच्या वाड्याच्या दारात आलो, तर जिन्याखालून बारीक कूंकूं ऐकू आलं. जिन्याखाली पूर्वी कोळशाची पोती असायची. हल्ली तिथं मोडका पाट, रद्दी आणि दादाची जुनी सायकल. त्या सायकलीमागे गोणपाटावर भुरी आडवी पडली होती आणि तिच्या पोटाशी सहा पिल्लं. मोबाइलचा उजेड पडताच तिनं मान वर केली, आईला पाहिलं आणि पुन्हा खाली टेकवली.

भुरी आमची नव्हे, गल्लीची. पण बाळंतपणाला आमचा जिना तिनं निवडला होता. आई म्हणाली, "दत्ताच्या पायाशी चार असतात, ही सहा घेऊन आली."

दुसऱ्या दिवशी सकाळीच पहिली मागणी आली. दूधवाला सायकलीवरून न उतरताच म्हणाला, "दीदी, इसमें से एक काला वाला नर हमारा." पिल्लांचे डोळे मिटलेले, कान बंद, वय चौदा तास. मी "बघू" म्हटलं. पुढच्या दोन महिन्यांत हा "बघू" मला इतक्यांदा म्हणावा लागला, की शेवटी आईनं तो शब्द माझ्या तोंडून काढून टाकला आणि दाराशी येणाऱ्याला ती स्वतःच सांगू लागली, "माघी पौर्णिमा जवळ येईपर्यंत एकही नाही मिळणार."

आई इतकी ठाम का होती, ते सांगायचं तर आमच्या आधीच्या कुत्र्याबद्दल, गुंड्याबद्दल सांगायला हवं.

गुंड्याला दादानं २००६च्या पावसाळ्यात आणलं, स्वेटरच्या आत घालून. पांढरा, कापसाच्या गोळ्यासारखा, दोन तळहातांवर मावणारा. विकणाऱ्यानं दादाला सांगितलं होतं, तीस दिवसांचा झालाय, दूध सुटलंय, आणि जितका लहान न्याल तितका तुमचा होईल. आम्हालाही ते पटलं. लहानपणी उचललं की लळा लागतो, मोठं झालं की आईलाच विसरत नाही, असं आमच्याकडे सगळेच म्हणायचे. पहिल्या रात्री तो रडला. दुसऱ्या रात्री रडला. आम्ही त्याच्या टोपलीत टिकटिक करणारं घड्याळ फडक्यात गुंडाळून ठेवलं, गरम पाण्याची बाटली ठेवली, वाटीत गाईचं दूध ठेवलं. दुधानं त्याला जुलाब लागले. कुत्रीच्या दुधात स्निग्धांश आणि प्रथिनं गाईच्या दुधाच्या दुपटीहून जास्त असतात आणि दुग्धशर्करा कमी, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. पिल्लाला दूध हवं, आणि दूध म्हणजे गाईचं, एवढंच आमचं ज्ञान.

गुंड्या अकरा वर्षं जगला आणि अकरा वर्षं घाबरत जगला. गल्लीतून वरात निघाली, की बँडचा पहिला ढोल वाजायच्या आत तो पलंगाखाली जाऊन थरथरायचा. छत्री उघडली तरी, गॅसचा सिलिंडर जमिनीवर टेकला तरी. जेवताना त्याच्या ताटलीजवळून कुणी गेलं तर दात दाखवायचा. घरात एकटा राहिला की दाराची चौकट कुरतडायचा. ती चौकट अजून तशीच आहे. आणि चावायचा. रागानं नव्हे, खेळता खेळताच, पण दात किती जोरात लावायचा ते त्याला कधी कळलंच नाही. एका भाऊबीजेला दादाच्या मुलीच्या बोटाला त्यानं असा चावा घेतला, की तीन टाके पडले. त्या दिवशी मी त्याला वर्तमानपत्राच्या गुंडाळीनं मारलं. तो पलंगाखाली गेला आणि रात्रीपर्यंत आला नाही.

त्यानंतर त्याला दवाखान्यात नेलं, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी नख-दात काही न पाहता पहिला प्रश्न विचारला, "आईपासून कितव्या दिवशी तोडला?" मी म्हटलं, तिसाव्या. त्यांनी मान हलवली आणि कागदावर काहीतरी लिहिलं. मला फार अपराधी वाटलं, आणि खरं म्हणजे का वाटावं हेही कळलं नाही. त्या प्रश्नापासून मी वाचायला लागले.

इटलीतल्या संशोधकांनी २०११ मध्ये १४० कुत्र्यांची पाहणी प्रसिद्ध केली होती. त्यातली निम्मी कुत्री तिसाव्या ते चाळिसाव्या दिवसाच्या दरम्यान आईपासून वेगळी केलेली, निम्मी साठाव्या दिवशी. सगळी आता मोठी झालेली, घरांघरांतली. मालकांना त्यांच्या सवयी विचारल्या. लवकर तोडलेल्यांमध्ये फिरायला गेल्यावर भिणं, आवाजांनी बिचकणं, उगाच भुंकणं, खाण्यावरून आणि खेळण्यावरून गुरगुरणं, वस्तू फाडणं, सतत लक्ष मागणं हे सगळं जास्त आढळलं. मी ती यादी वाचत गेले आणि आमचा गुंड्या ओळीओळीत सापडत गेला. भित्रेपणा रक्तातूनही येतो, घरातल्या वागणुकीतूनही येतो, हे मला मान्य आहे. एका कुत्र्यावरून सिद्धांत मांडता येत नाही. तरीही तीस आणि साठ हे दोन आकडे माझ्या डोक्यात रुतून बसले.

गुंड्या गेला २०१७ मध्ये. त्याच वर्षी कुत्र्यांच्या पैदाशीबद्दल केंद्र सरकारचे नियम आले आणि आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकायला मनाई झाली. नियम आहे, तरी आजही ग्वाल्हेरमध्ये पंचवीस-तीस दिवसांची पिल्लं विकायला येतात. कारण सरळ आहे. चौथ्या आठवड्यापासून आईचं दूध कमी पडू लागतं, पिल्लं खायला मागतात, जंताचं औषध आणि लस यांचा खर्च सुरू होतो. शिवाय कापसाचा गोळा तेव्हाच सर्वांत गोंडस दिसतो. महिन्याचं पिल्लू विकलं की खर्च दुसऱ्याच्या गळ्यात. विकणाऱ्याचा हिशेब मला समजतो, पण तो हिशेब अकरा वर्षं पलंगाखाली बसून फेडतो तो कुत्रा.

तर भुरी.

सहातलं एक पिल्लू तिसऱ्या रात्रीच गेलं. सर्वांत लहान, पांढऱ्या पायांचं. पहिले दोन आठवडे पिल्लाला स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही. आई आणि भावंडं हीच त्याची शेगडी. ते ढिगातून बाहेर घरंगळलं असावं. ग्वाल्हेरच्या डिसेंबरात फरशीवर एक रात्र म्हणजे पुष्कळ झालं. सकाळी आईनं आपली जुनी गोधडी काढून दिली, आजीच्या नऊवारीची, आणि मी जिन्याखाली पोत्यांवर ती अंथरली. दादानं पुढे फळ्यांचा आडोसा केला. भुरीनं सगळं हुंगलं आणि एकेक पिल्लू तोंडात धरून गोधडीवर आणलं.

त्यानंतर मी रोज थोडा वेळ त्या जिन्यासमोर पाट टाकून बसायची. पहिले दोन आठवडे भुरी फक्त पाजायची आणि चाटायची. ते चाटणं मायेचं, असं मला वाटायचं. पण तान्ह्या पिल्लाला आपणहून लघवीही करता येत नाही. आईची जीभ पोटावरून फिरली तरच होते. साफसफाईही तीच करायची. बाराव्या दिवशी एकाचे डोळे उघडले, निळसर, धुकट. तिसऱ्या आठवड्यात कान उघडले आणि दादानं सायकल ओढली तेव्हा पाचही जणं एकदम दचकली. त्याआधी त्यांच्यासाठी जग बिनआवाजाचं होतं.

चौथ्या आठवड्यात दात आले आणि खरी शाळा सुरू झाली.

हे मी गुंड्याच्या बाबतीत पाहिलंच नव्हतं, कारण ही शाळा भरायच्या वेळी तो आमच्या टोपलीत होता. काळा बोका (ते कुत्र्याचंच पिल्लू, पण चेहरा बोक्यासारखा म्हणून नाव बोका) बहिणीचा कान धरायचा आणि ओढायचा. ती किंचाळायची आणि खेळ सोडून निघून जायची. बोका तिथंच उभा. कान नाही, खेळ नाही, कुणी नाही. थोड्या वेळानं तो पुन्हा जायचा आणि या वेळी दात हलका. दिवसातून पन्नास वेळा हेच. आचळाला दात लागला की भुरी उठून उभीच राहायची. पिल्लं लोंबकळायची आणि टपाटप पडायची. तिच्या वाट्याच्या भाकरीकडे कुणी गेलं तर ती खोल घशातून गुरगुरायची, आणि ते कळलं नाही तर त्याचं तोंड स्वतःच्या जबड्यात धरून क्षणभर जमिनीला टेकवायची. ओरखडासुद्धा नाही. पिल्लू उताणं व्हायचं आणि ती सोडून द्यायची. वर्तमानपत्राची गुंडाळी घेऊन मी गुंड्याला जे शिकवायला निघाले होते, ते हे होतं. मला ते येत नव्हतं आणि येणारही नव्हतं.

एका दुपारी भुरी बाहेरून आली आणि पिल्लांसमोर ओकली. आई घाबरली. पण पिल्लं धावली आणि ते अर्धवट पचलेलं अन्न चाटून पुसून खाऊ लागली. आई बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "अगं, उष्टावण करतेय ती."

संक्रांतीला पिल्लं एकतीस दिवसांची झाली. हळदीकुंकवाला शेजारच्या काकू आल्या, हातात तिळगूळ आणि गजकेचा डबा. तिळगूळ देऊन झाला आणि त्या जिन्यापाशी वाकल्या. "आता दे ना गं एक. महिना झाला. बाळंतीणसुद्धा सव्वा महिन्यानं उठते." काकू प्रेमानं म्हणत होत्या आणि त्यांच्या घरी पिल्लू सुखात राहिलं असतं यात शंका नाही. गुंड्या आला तोही याच वयाचा होता, याच प्रेमानं.

मी त्यांना बोका दाखवला. म्हटलं, "काकू, हा आत्ता कुठे शिकायला लागलाय. अजून चार आठवडे द्या त्याला." त्या नाराज झाल्या. सणाच्या दिवशी कुणाला नाही म्हणणं मला जमत नाही, आणि त्या गेल्यावर मी आईला म्हटलंही, की चुकतंय का माझं काही? आईनं उत्तर म्हणून सरमेची गोष्ट सांगितली.

महाभारताच्या अगदी सुरुवातीला ती येते. जनमेजय राजा भावांबरोबर कुरुक्षेत्रावर सत्र, म्हणजे दीर्घ यज्ञ, करत असतो. तिथं सरमेचं, म्हणजे देवांच्या कुत्रीचं पिल्लू येतं. भाऊ त्याला मारतात. ते रडत आईकडे जातं. आई विचारते, का रडतोस, कुणी मारलं? तो सांगतो. तेव्हा सरमा म्हणते, तू काहीतरी अपराध केला असशील. तो म्हणतो, नाही केला. हविर्द्रव्याकडे पाहिलं नाही, चाटलंही नाही. मग ती उठते, सत्रात जाते आणि राजाला जाब विचारते. उत्तर मिळत नाही, तेव्हा म्हणते, निरपराध्याला मारलंत, तुमच्यावर न दिसणारं भय येईल.

ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले, पण त्यात शाप महत्त्वाचा वाटायचा. या खेपेला मी मधल्या प्रश्नाशी अडकले. सरमा पिल्लाची बाजू घेण्याआधी त्यालाच विचारते, तू काय केलंस? ती आधी त्याला तपासते. भुरीच्या गुरगुरण्यात तोच प्रश्न होता. गुंड्याला तो विचारणारं कुणी नव्हतं, आणि पहिल्या रात्री रडताना जाऊन सांगायलाही कुणी नव्हतं.

आता एक गोष्ट मला स्वतःलाच छळायची, तीही लिहिते. गल्लीच्या कुत्रीची पिल्लं आठ आठवडे आईजवळ ठेवा म्हणणं सोपं आहे, पण ती जगली पाहिजेत ना? कोलकात्याच्या आयसर संस्थेतल्या संशोधकांनी रस्त्यावरच्या कुत्र्यांची ९५ वेतं, म्हणजे ३६४ पिल्लं, जन्मापासून पाहिली. सात महिन्यांपर्यंत शंभरातली एकोणीसच पोचली. आणि जी मेली त्यांतल्या बहुतेकांच्या मृत्यूत माणसाचा हात होता: गाडीखाली, मारहाणीत, विषानं, किंवा पळवून नेल्यानं. ते संशोधन २०१६ मध्ये आलं. ते वाचून कुणी म्हणेल, मग उचला लवकर, निदान जीव तरी वाचेल. कित्येक भली माणसं याच विचारानं पिल्लू उचलतात. रस्त्याकडेला एकटं दिसतं, आई खायला शोधायला गेलेली असते, आणि यांना वाटतं अनाथ आहे.

मला सापडलेलं उत्तर जिन्याखाली होतं. पिल्लू वाचवायचं तर आईसकट वाचवा. दोन महिने फळीचा आडोसा, कोरडं पोतं, तिला पोटभर अन्न. पाजणाऱ्या कुत्रीला तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात नेहमीच्या दुप्पट-तिप्पट खायला लागतं. आमच्या स्वयंपाकघरात अंडंही शिजत नाही, म्हणून दादा अंगणात विटांच्या चुलीवर कोंबडीचे पाय उकडायचा आणि आई खिडकी लावून घ्यायची. चाळीस दिवसांनंतर तीच खिडकीतून विचारायला लागली, "झालं का तिचं शिजून?" पिल्लांची आई खरोखरच मेली असेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हासुद्धा भावंडं निदान एकत्र ठेवावीत.

आणि उलट बाजूचंही ऐकावं. आईजवळ जितकं जास्त तितकं चांगलं, असंही नाही. अमेरिकेतल्या बार हार्बर इथं १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. उंच कुंपणाच्या मोकळ्या आवारात पिल्लं आईबरोबर वाढवली, माणसाचं दर्शन जवळजवळ नाही. काहींना वेगवेगळ्या आठवड्यांत माणसांच्या सहवासात आणलं, काहींना आणलंच नाही. चौदाव्या आठवड्यापर्यंत ज्यांना माणूस ठाऊकच नव्हता, ती जंगली प्राण्यांसारखी पळू लागली, नंतर फार कष्टानंही पुरती माणसाळली नाहीत. तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्यापर्यंत पिल्लाच्या मनाची एक खिडकी उघडी असते. तिच्यातून आई आणि भावंडं दिसायला हवीत, तसाच माणूस, सायकल, कुकरची शिट्टी, भजनाचे टाळही दिसायला हवेत. म्हणून मी पिल्लांना आईजवळ ठेवलं, पण एकटं नाही ठेवलं. गल्लीतली पोरं शाळेतून आली की हात धुऊन दहा मिनिटं त्यांना मांडीवर घ्यायची. आई त्यांच्यासमोर बसून पोथी वाचायची. छत्री तर मी मुद्दाम रोज उघडायची.

त्याच सुमारास जंताचं औषध झालं, सातव्या आठवड्यात पहिली लस. आईच्या पहिल्या दुधातून आलेलं संरक्षण याच काळात उतरायला लागतं, आणि पार्व्होसारखा पिल्लांचा जीवघेणा रोग नेमका तेव्हा गाठतो.

छप्पन्नावा दिवस ८ फेब्रुवारीला आला. पहिली काकूंची पाळी. मी गोधडीचे पाच तुकडे केले. आजीच्या नऊवारीचे काठ अजून दिसत होते, कात्री लावताना आईकडे पाहिलं, ती म्हणाली, "काप, काप." दोन रात्री ते तुकडे भुरीखाली ठेवले होते, तिचा वास बसावा म्हणून. प्रत्येक पिल्लाबरोबर एक. सगळ्यांना एकाच दिवशी दिलं नाही. एक दिलं, मधे एक दिवस जाऊ दिला, दुसरं दिलं. नेणाऱ्यांना सांगितलं, लशी पुऱ्या होईपर्यंत रस्त्यावर सोडू नका, पण कडेवर घेऊन महाराज बाड्याच्या चौकापर्यंत जरूर हिंडवा, त्याला सगळं ऐकू द्या. मादी कुणी मागत नव्हतं. दोन माद्यांसाठी दादा घरोघर फिरला. त्यातली एक आमच्याकडेच राहिली, भुरीजवळ.

भुरीनं काकूंच्या पिल्लाला संध्याकाळभर शोधलं. जिन्यामागे, सायकलीमागे, नाल्याकडे. दुसऱ्याच्या वेळी थोडं. तोवर तिचं दूध आटलं होतं आणि राहिलेली पिल्लं पाजायला आली की ती निघूनच जात होती. बोका गेला तो माघी पौर्णिमेला, १२ फेब्रुवारीला, साठाव्या दिवशी. त्याला नेणारं कुटुंब नवा बाजारातलं. टोपली उचलली तेव्हा भुरी दारात उन्हाला पडलेली होती. तिनं टोपली हुंगली, बोक्याचं तोंड एकदा चाटलं आणि पुन्हा पडून राहिली. मी आत येऊन थोडी रडले. मार्चमध्ये भुरीचं नसबंदीचं ऑपरेशन करून घेतलं.

पाचातली काकूंकडची आजही थोडी बुजरी आहे. छप्पन्न दिवस आईजवळ राहूनही आहे. तिचा स्वभाव असेल.

एप्रिलच्या शेवटी, लग्नसराईत, मी महाराज बाड्यावरून भाजी घेऊन येत होते. नवा बाजाराच्या तोंडाशी बोका दिसला, गळ्यात लाल पट्टा, पट्टा धरून त्या घरचा मुलगा. मागून वरात आली, पुढे बँड, त्यामागे दिव्यांची झुंबरं डोक्यावर घेतलेली माणसं. ढोल सुरू झाला आणि मी आहे तिथं थांबले. पिशवीचा बंद हातात घट्ट धरलेला. बोक्याचे कान मागे गेले. तो मुलाच्या पायाला टेकून बसला आणि बघू लागला, घोडा, दिवे, नाचणारी पोरं, एकेक. एकदा जांभई दिली. वरात पुढे गेली तसा तो उठला, अंग झाडलं आणि रस्त्यावर पडलेलं झेंडूचं फूल हुंगायला लागला.